तीनदा पुसलेलं आकाश

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपले विभागप्रमुख, त्यांच्या सौभाग्यवती, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांविषयी दोन शब्द बोल म्हणून मला सांगितलंय. तीस वर्षं मी सरांच्या विभागात संगणक चालवला, दोन शब्दांत कसं भागणार?

सरांना टापटीप फार. एकही दीर्घिका जन्मली नव्हती त्या काळच्या विश्वाचा नकाशा आम्ही केला, तर तोही त्यांना इस्त्री केलेला हवा. तीनदा गुळगुळीत केल्याशिवाय सही नाही, असा दंडकच होता.

आमच्याकडे नकाशा तपासणाऱ्या एक संशोधक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सर, नकाशातले हे ठिपके पुसू नका. इथं द्रव्य आजूबाजूपेक्षा जरासं जास्त आहे, लाखात एखादा भाग. पण जिथं जास्त, तिथंच आणखी ओढलं जातं. यांच्याच पुढं दीर्घिका झाल्यात."

सर म्हणाले, "अहो बाई, यंत्रावरची धूळ आहे ती. फडकं मारा!"

सगळे हसले. मीही हसलो, सरांच्या विनोदाला न हसायची माझी काय बिशाद? बाईंचं नाव 'ठिपकेवाली' पडलं आणि त्यांची रवानगी सामानाच्या कोठीत झाली. आणि हो, पुसायचं बटण मी दाबलं. तीनदा.

दोन वर्षांनी दुसऱ्या वेधशाळेनं तेच ठिपके छापले. सर म्हणाले, "मी म्हणतच होतो!" कुणाला म्हणत होते, ते अजून कळलेलं नाही. तेव्हापासून सर ठिपक्यांवर व्याख्यानं देतात आणि बाई कोठीत तारा नि दिवे वाटतात.

मला सांगा, विश्व खरंच तसं गुळगुळीत असतं तर? ना दीर्घिका, ना तारे, ना आपण. सर, तुमची निवृत्तीसुद्धा झाली नसती हो! विश्व तुमच्या विभागात नव्हतं, हे आपलं नशीब.

तर सरांसाठी भेट आणलीय. तोच नकाशा, न पुसलेला. मूळ प्रत मी घरी कपाटात दडवली होती. तेवढीच छाती होती. तोंड उघडायची नव्हती, आणि त्याची मला लाज वाटते. कोपऱ्यात बाईंची सही आहे. अध्यक्ष महोदय, बाई शेवटच्या रांगेत बसल्यात. हा नकाशा त्यांच्याच हातून सरांना दिला जावा, एवढी विनंती.

या बाई, वर या.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही खडबडीत राहिलं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. आज मी बटण दाबलेलं नाही.