निम्म्यावरचा गेन

हे लिहिणारच नव्हतो, कारण चोरून ऐकलेलं आहे. अ‍ॅम्प दुरुस्तीच्या दुकानात बाकावर माझ्या शेजारी एक गिटारवाला आणि त्याच्या बँडमधली ड्रमवाली बसली होती. त्याचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, ठणठणीत असल्याचं दुकानदार नुकताच सांगून गेला होता. ती वैतागली होती.

"ऐकलंस? काहीही बिघडलेलं नाही."

"मग माझ्या फास्ट सोलोचा लगदा का होतो?"

"गेन कितीवर ठेवतोस?"

"फुल. त्याशिवाय आवाजाला ती खरखर येत नाही."

"आणि खालच्या सुरांचा बास?"

"तोही फुल. घरी कसला भारी वाटतो गं!"

"घरी तू एकटा असतोस, बाबा. स्टेजवर आमच्यात बुडतोस. बास उतरव, मधल्या सुरांचा मिड चढव, गेन निम्म्यावर आण. सांगून सांगून घसा बसला माझा."

"निम्म्यावर सगळं ऐकू येतं."

"तेच तर हवंय ना!"

"सगळं म्हणजे सगळं. निसटलेले सूरसुद्धा."

"थांब. म्हणजे चुका झाकायला गेन फुल, आणि त्यापायी पेडल बदललंस, केबल बदलल्यास, आता ह्या बिचाऱ्या अ‍ॅम्पला इथे आणलंस?"

"चिडू नकोस ना."

"नाही, हार घालते! आज रात्री स्टेजवर परत लगदा झाला तर आपला बासवाला तुझ्या जागी दुसरा गिटारवाला आणणारे, कळतंय का?"

"सूर निसटले तर हसतील गं."

"हसू देत. तू जरा हळू वाजव, मी तुझ्याबरोबर हळू येते."

तो उठून अ‍ॅम्प उचलायला वाकला.

"निम्म्यावर वाजवतो. आणि कितीही फाटली तरी मध्येच वाढवणार नाही. शब्द देतो तुला."