घरच्या बोर्डाचा अध्यक्ष

नाही, मला एक सांगा, जिचं नाव मी स्वतः ठेवलंय त्या पोरीला, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, ‘या, बसा, आपलं नाव काय’ असं विचारायची पाळी तुमच्यापैकी कुणावर आलीय? नाही ना? मग हसू नका. माझ्यावर आली, आणि एकदा नाही, महिनाभर रोज आली, कोट घालून आली. वर थंडीतला कोट आणि खाली घरातली हाफपँट, कारण टेबलाखालचं बोर्डाला लागत नाही असं आमच्या हिचं म्हणणं.

झालं काय, पोरीनं लष्करात अधिकारी व्हायचं काढलं. काढलं म्हणजे मला विचारून नाही काढलं. लेखी परीक्षा पास होऊन बसली तेव्हा मला कळलं की परीक्षा होती. आता राहिली बोर्डापुढची मुलाखत. आणि आमचं नशीब असं थोर की खालच्याच मजल्यावर एक निवृत्त कॅप्टन राहतात. माणूस निवृत्त झालाय, आवाज अजून नोकरीत आहे. जिन्यात नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले तरी आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटतं. ते आले घरी, बसले माझ्या खुर्चीत, आणि सुरू, ‘घरी रोज सराव झाला पाहिजे. वडील अध्यक्ष. आई सदस्य. उमेदवारानं दार वाजवून आत यायचं आणि खरं बोलायचं. खोटं बोललं की बोर्डाला तिथल्या तिथं कळतं.’ मग माझ्याकडे वळले, ‘आणि अध्यक्षानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.’ मी म्हटलं, काही म्हणजे? म्हणाले, ‘काही म्हणजे काहीच.’

आता तुम्हाला सांगतो, मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. दिवसभर लोक येतात, मीटर पळतंय, तार लोंबतेय, फोन उचलत नाही, झोपा काढता का... आणि आपण मान हलवायची. त्यामुळे चेहऱ्यावर काही न दाखवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण माणूस संध्याकाळी घरी येतो कशाला? चेहरा जरा सैल सोडायलाच ना? तर घरी दुसरी खिडकी तयार, आणि तिथं सगळ्या तक्रारी माझ्याबद्दलच्याच.

पहिला दिवस. दार वाजलं. ‘आत येऊ का सर?’ मी म्हटलं, ये की. लगेच ही कोपरानं ढोसते, ‘अहो, या म्हणा, या.’ या तर या. पोरगी आली, बसली, पाठ इतकी ताठ की मला बघूनच कंबर दुखायला लागली. कॅप्टननी प्रश्न काढून दिले होते. नाव, छंद, बातम्या काय वाचता, सगळं ठीक चाललेलं. आणि मी आपला बेसावध, पुढचा प्रश्न वाचला, ‘आपल्या वडिलांचा एक दोष सांगा.’ मला वाटलं, सांगेल काहीतरी गुळमुळीत. फार कष्ट करतात, स्वतःकडे लक्ष देत नाहीत, असलं. ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, ‘सर, माझे वडील घाबरट आहेत.’

घाबरट. ही शेजारी बसलेली असताना. आणि ही काय करते? हिनं विचारलं, ‘एखादं उदाहरण द्याल?’ अहो, काय तो गोड आवाज. एवढ्या गोड आवाजात हिनं मला कधी चहा विचारला नाही. आणि पोरीकडे उदाहरणांची काय कमी? ‘मॅडम, मी सहलीला निघाले की वडील आधी तिथला दवाखाना कुठं आहे ते विचारून ठेवतात. माझ्या सायकलची मागची छोटी चाकं त्यांनी दोन वर्षं काढू दिली नाहीत, शेवटी मीच पाना घेऊन काढली. मी लष्कराचा विषय काढला त्या दिवशी त्यांना ताप आला.’ आता तो ताप खरा होता. थर्मामीटर लावला होता, हिनंच लावला होता. पण ही साक्ष देईल? ही मान खाली घालून मार्क देत होती. आणि मला बोलायची सोय नाही, कारण अध्यक्षानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

‘बरं, मग वडिलांकडून आपण काय शिकलात?’ ‘सर, काय करायचं नाही ते.’ मी म्हटलं, थँक यू, आपण जाऊ शकता. दुसरं काय म्हणणार? ती उठली, बाहेर गेली, दार लावलं, दार उघडलं आणि आमची पोरगी होऊन परत आत आली, ‘बाबा, कसं झालं? खरं खरं सांगा हं.’

आता तुम्ही म्हणाल, एक दिवस ऐकून घ्यायचं. एक दिवस? रोज. सकाळी लोकांच्या तारा, संध्याकाळी माझा घाबरटपणा. मी तिला समजावून बघितलं. म्हटलं, बाई, दुसरा दोष सांग की, मला काय दोषांचा तुटवडा आहे? घोरतो म्हण. चिडका म्हण. तर म्हणते, ‘बाबा, आता हे पाठ झालंय, आणि खरं पण आहे.’ आणि ही आतून, ‘घोरण्याचं मी सांगेन मला विचारलं तर.’ हिला कोण विचारतंय? पण नाही, घरात मत द्यायला सगळे मोकळे, एक अध्यक्ष सोडून.

आणि घाबरतो मी. हो, घाबरतो, काय म्हणणं आहे? एकुलती एक पोरगी, ती जाणार कुठं, तर जिथं समोरचा बंदूक घेऊन बसलाय तिथं. तुमची पोरगी निघाली असती तर तुम्ही काय शिट्टी वाजवली असती? रोज मी मुलाखत घेत होतो ना, प्रत्येक वेळी मनात एकच, ही नापास होऊ दे. आणि प्रत्येक वेळी ती आदल्या दिवसापेक्षा चांगली. मीच विचारून विचारून तिला तयार केली, बघा म्हणजे. पण हे चेहऱ्यावर दाखवायचं? छे.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, घाबरट काय? दाखवतो. इमारतीच्या मागे कॅप्टननी झाडाला जाड दोर बांधून वर एक फळी ठोकलीय, पोरांच्या सरावासाठी. रविवारी गेलो तिथं आणि चढलो. कसा चढलो ते विचारू नका, रागानं चढलो. फळीवर पोचलो, म्हटलं, आता बोल. आणि खाली बघितलं. बस्स. तिथंच संपलं सगळं. दोन्ही हात खोडाला, पाय फळीला, चिकटले ते चिकटलेच. खाली सगळी इमारत जमा. कॅप्टन ओरडतात, ‘झाडाला मिठी मारा, झाडाला.’ अहो, मारलेलीच होती. ही खालून, ‘अहो, शर्ट नवीन आहे तो.’

पोरगी आली. सरसर वर. ‘बाबा, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. डावा पाय. नाही, डावा. आता हात सोडा. सोडा म्हणते ना.’ आणला तिनं मला खाली. पाय टेकले आणि मी म्हटलं, जाऊ दे, लाज गेली ती गेली, निदान विषय संपला. कुठला संपतोय. दुसऱ्याच दिवशी कोट घालून बसलोय, प्रश्न आला, ‘आपण नेतृत्व केलं असा एखादा प्रसंग सांगा.’ आणि ती, अगदी शांतपणे, ‘सर, कालच मी एका घाबरलेल्या मध्यमवयीन नागरिकाला झाडावरून सुखरूप खाली उतरवलं.’

नागरिक. मी नागरिक. हिनं दहापैकी दहा दिले. कॅप्टनना कळलं तर ते म्हणाले, ‘फार छान, हे सोडायचं नाही.’ आणि मी? मी म्हटलं, थँक यू, आपण जाऊ शकता.

तर गेली मुलाखतीला, आणि झाली पास. यादीत नाव. ही रडली, कॅप्टननी जिन्यात मला सॅल्यूट ठोकला, मी पाण्याची बाटली घेऊन चाललो होतो, ती पडली. पोरगी घरी आल्या आल्या मी विचारलं, काय सांगितलंस माझ्याबद्दल? घाबरट म्हणालीस का? तर म्हणते, ‘बोर्डातलं बाहेर सांगत नसतात, बाबा.’ म्हणजे बघा. मी सख्खा बाप, आणि मीच बाहेरचा. आठवडाभर मी धड बोललो नाही कुणाशी, आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग कागद आला, तिकडं प्रशिक्षणाला गेल्यावर पोहण्याची परीक्षा असते. पोरीला पोहता येत नाही. का येत नाही? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘हे पाण्याजवळ जाऊ देतील तर ना,’ इति आमची ही. ‘मग वडिलांनीच उतरवलं पाहिजे पाण्यात,’ इति कॅप्टन. त्या माणसाला दुसरे शेजारी नाहीत का हो?

तर परवा मी पोहण्याच्या तलावात. भल्या सकाळी, गार पाणी, छातीपर्यंत, दोन्ही हातांनी काठाची पाइप धरलेली. मला स्वतःला पोहता येत नाही, पण ते कोण विचारतंय. पोरगी काठावर उभी. आतापर्यंत उडी मारायला हवी होती, पण हलेना. मग हळूच शिडीवरून उतरली, माझ्या शेजारी आली आणि पाइपऐवजी माझा दंड धरला. नखं रुतली. मी म्हटलं, आता तरी सांग, माझ्याबद्दल काय विचारलं बोर्डानं?

म्हणाली, ‘तुमच्याबद्दल काही विचारलंच नाही.’

महिनाभर. कोट घालून. काही विचारलंच नाही.

‘मग काय विचारलं?’ ‘मला कशाची भीती वाटते ते विचारलं. मी म्हटलं, कशाचीच नाही.’ आणि दंड आणखी घट्ट धरून म्हणाली, ‘खोटं बोलले, बाबा. मला फार भीती वाटते. पाण्याची पण, आणि तिकडं जायची पण. आईला सांगू नका.’

आता याच्यावर बापानं काहीतरी चांगलं बोलायला पाहिजे की नको? आलंही होतं हो मनात, चांगलं दोन वाक्यांचं. पण मी तोंड उघडलं आणि शेजारून कुणाच्या तरी पोरानं उडी मारली, आणि ते सगळं पाण्याबरोबर गिळलं मी.