साडेपंधरा इंची कॉलर

समारंभाचे अध्यक्ष माननीय नाना क्वेकू अम्पाह, आशीर्वाद द्यायला आलेले रेव्हरंड, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या दीपगृह ब्रास बँडच्या समितीचे प्रमुख वोफा एबो टँडो, आजचे सत्कारमूर्ती बँडमास्तर एग्या क्वामेना बेनटिल, त्यांच्या पत्नी आंटी एकुवा, आणि उन्हात बसावे लागूनही उठून न गेलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आज रविवार, १५ जून २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. तीन वाजता मी पडद्यामागे एग्यांच्या कॉलरचा हूक लावत होतो. तो पहिल्या प्रयत्नात लागला. गेल्या अकरा वर्षांत असे कधी झाले नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होईल.

मी जोजो एसुमान, बँडचा गणवेश सांभाळतो. मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही, म्हणून भाषण लिहून आणले आहे आणि रेव्हरंडांकडून शुद्धलेखन तपासून घेतले आहे. त्यांना एकच चूक सापडली. ती माझ्या मते चूक नाही, पण तो विषय आजचा नव्हे.

एग्यांविषयी काय बोलावे? १९८९ साली ते बँडमध्ये आले तेव्हा आपल्याकडे सहा ट्रंपेट आणि एक फुटका ढोल होता. आज बावीस वादक आहेत. मांकेसिमपासून विनेबापर्यंत कोणाची अंत्ययात्रा असली, की लोक आधी एग्यांची तारीख विचारतात, मग पाद्रीसाहेबांची. रेव्हरंड हसत आहेत, म्हणजे त्यांना राग आलेला नाही. कबरीपाशी पहिला सूर लागण्याआधी एग्या बावीस जणांना नावाने हाक मारतात आणि ज्याचे नाव घेतले तो वाद्य उचलतो. ही पद्धत त्यांनीच घातली.

हे सगळे असताना आपण त्यांना निरोप का देत आहोत? समितीच्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. त्यात लिहिले आहे, ‘वाढत्या वयामुळे स्मरणशक्ती, तोल आणि सावधपणा यांत घट.’ तिन्ही शब्द खरे आहेत. गेली दोन वर्षे एग्या मिरवणुकीत डुलक्या घेतात, डोके दुखते म्हणतात, मान वळवली की त्यांचा तोल जातो. १७ मे रोजी, शनिवारी, तर त्यांनी सगळा बँड उजवीकडे न्यायच्या ऐवजी डावीकडे नेला आणि आपण भलत्याच घरच्या मयताला दोन भजने वाजवली.

एग्या म्हणत आहेत, तीन. बरोबर आहे, तीन. त्या घरच्यांनी आपल्याला मक्याचे केंके आणि तळलेली मासळी वाढली आणि ‘तुम्हाला कोणी पाठवले’ असे एकदाही विचारले नाही, याबद्दल मी बँडच्या वतीने त्यांचे आभार मानतो. मग खऱ्या घरी पोहोचल्यावर एग्यांनी नावे घ्यायला सुरुवात केली आणि चौथ्या नावावर ते थांबले. त्यापुढच्या कोणीच वाद्य उचलले नाही. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता. ते कबरीच्या मातीवर बसले.

आम्ही त्यांना तशाच गणवेशात जिल्हा रुग्णालयात नेले. तिथे सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम अराबा ओटू होत्या. त्यांनी मानेवर यंत्र टेकवले, पडद्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, “हा हूक काढ.” मी काढला. त्यांनी पुन्हा पाहिले. म्हणाल्या, “लाव.” मी लावला. असे तीन वेळा झाले.

मग त्यांनी मला पडदा दाखवला. हूक लावला की मानेतली मोठी शीर तुडवलेल्या गवताच्या काडीसारखी चपटी व्हायची. काढला की भरायची. मॅडम म्हणाल्या, “डोक्याकडे चढणाऱ्या रक्ताला हृदयाचा जोर असतो. ते कसेही चढते. उतरणाऱ्या रक्ताला तेवढा जोर नसतो. वाट मोकळी असेल तर ते उतरते, नाहीतर वरच तुंबते. मग डोके जड होते, कानात घूं होते, शब्द आठवत नाहीत, बसल्या जागी झोप येते.”

मी विचारले, “म्हणजे हे म्हातारपण नाही?”

“म्हातारपण आहेच. माणूस एकसष्ट वर्षांचा आहे. वयाबरोबर शिराही सैल होतात, लवकर दबतात. पण त्यावर तू अजून वीस वर्षे शिवून ठेवली आहेस. गणवेश कोण शिवतो?”

मी शिवतो.

इथे मला आपल्या बँडच्या रिवाजाबद्दल बोलावे लागेल आणि त्याबद्दल नानांनी राग मानू नये. नवा वादक आला की सर्वांसमोर त्याचे माप घेतात, मोठ्याने वाचतात, वहीत लिहितात. ते माप एकदाच. दुसऱ्यांदा माप घ्यायला येतो तो शवपेटीवाला, असे आपण मानतो. एग्यांच्या गळ्याचे माप १९८९ सालचे, साडेपंधरा इंच. मी अकरा वर्षांत त्यांना सात कोट शिवले, सातही साडेपंधराचे. वहीतले आकडे मी कधी चुकत नाही.

रुग्णालयातच मी टेप काढली. एग्या म्हणाले, “ठेव ती. मी अजून मेलो नाही.”

मॅडम म्हणाल्या, “एग्या, मग श्वास घेतल्यासारखे तरी वागा.”

“पोरी, तुझ्या बापाला मी वाजवत पोचवला आहे.”

“म्हणूनच फुकट तपासते आहे.”

घरी आल्यावर मी माझी दुसरी वही उघडली. तिच्यात बँडच्या चुका असतात. एग्यांच्या चुका गणवेशाच्या दिवशीच, बुधवारी तालमीत, शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी. सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी एकही नाही. सोमवारी एग्या खांद्यावरून कापड घेऊन, गळा उघडा टाकून, झाडाखाली पटावर सोंगट्यांचे दामे खेळतात. तिथे ते काय विसरतात? वोफा टँडोंना विचारावे. पत्रावर सही वोफांची आहे. गेल्या बारा सोमवारी वोफा त्यांच्याशी बारा डाव खेळले आणि अकरा हरले.

एग्या म्हणत आहेत, बारा. वोफा नाकारत नाहीत. मी बारा लिहून घेतो.

आंटी एकुवांनी मला सांगितले होते, “सोमवारी मी साठीच्या माणसाशी भांडते, शनिवारी ऐंशीच्या. सोमवारचा परवडतो, उत्तरे तरी देतो.” मी ते हसण्यावारी नेले होते.

टेप लावायची नाही, तर माप कसे घ्यायचे? १ जून रोजी आंटींनी चर्चमध्ये सर्वांसमोर एग्यांच्या गळ्यात मण्यांची माळ घातली. लोकांना वाटले, लग्नाचा वाढदिवस. ती बरोबर बसेल अशी त्यांनी आदल्या रात्री ओवून घेतली होती. नंतर मी ती मोजली. साडेसतरा. आज एग्यांच्या अंगात आहे तो आठवा कोट, त्याच्या कॉलरमध्ये बोट घालायला जागा सोडली आहे. ही गोष्ट त्यांना आत्ता, तुमच्याबरोबरच कळते आहे. एग्या, माळेला टेप म्हणत नाहीत. मी वहीत शब्द तपासून पाहिला.

मागच्या रांगेतले दोन ट्रॉम्बोनवाले हूक सोडत आहेत. सोडा. तुमची मापे २००३ सालची आहेत.

चार आठवडे हे मी समितीला सांगितले नाही. कारण सरळ आहे. मला गणवेशाच्या खोलीची किल्ली जाण्याची भीती वाटत होती. ती किल्ली मी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो.

मॅडम ओटूंनी बजावले आहे की फार आशा धरू नये. काही गोष्टी परत येतील, काही वयाच्या आहेत त्या येणार नाहीत, तीन महिने पाहावे. पण आज एग्यांनी माझी दोनदा चूक काढली आहे, गणवेशात, रविवारी, उन्हात. तेव्हा वोफा, भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याआधी आणि बँडमास्तरची काठी दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी माझी एक विनंती आहे. एग्या, कबरीपाशी घेता तशी नावे घ्या. चौथ्यावर थांबलात तर मी स्वतः घड्याळ आणून देतो. तोवर मी गप्प राहतो.

धन्यवाद, एग्या. बावीस. क्रम बरोबर आहे, वाद्येही उचललेली आहेत. बासवाल्यांनी आता खाली ठेवली तरी चालेल.

एग्यांनी तेविसावे नाव घेतले. ते वादकांच्या यादीत नाही. ते माझे आहे. अकरा वर्षांत ते घेतले गेले नव्हते, आणि माझ्या हातात उचलायला टेपशिवाय काही नाही. मी ती उचलली आहे. वोफा पत्राची घडी घालून खिशात ठेवत आहेत. फाडत नाहीत, पण तीन महिन्यांसाठी खिसा पुरेसा आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, नानांनी मध्ये थांबवले नाही, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर ते माझ्या शिक्षणाच्या खात्यात टाकावे. गळ्यात दोन इंच कमी पडले, त्याची माफी मात्र मी फक्त एग्यांकडे मागतो.