बाबांचे अडीच टक्के
तुम्ही हसाल, पण सानपाड्याच्या आमच्या घरातून बाबांनी एका एजंटला चोर म्हणून हाकललं होतं. फ्रिजची बाकी बाबांच्या क्रेडिट कार्डावर होती. ती आमच्या बँकेच्या कार्डावर घ्या, असं तो म्हणत होता. फी एकदाच दोन टक्के, व्याज महिन्याला दीड.

"दोन नि दीड साडेतीन! मला अडीचच पडतात," बाबा गरजले.

मला संशय आला. "बाबा, अडीच महिन्याला की वर्षाला?"

"वर्षालाच! आमची पतपेढी वर्षाचाच दर सांगते."

"बिल दाखवा."

बिल कपाटात, कुलपात. मी हटून बसले, तेव्हा किल्ली निघाली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, दरमहा.

"वर्षाचे तीस झाले, बाबा!"

बाबांनी चष्मा पुसला. "धाव, तो वरच्या मजल्यावर बेल वाजवत असेल. आणि आईला बोलू नकोस."