वेबसाइटवरचे झोपलेले अध्यक्ष

तुम्ही हसाल, पण पीएचडी असूनही आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटसाठी एका फोटोचं वर्णन लिहिताना मला घाम फुटला होता. हे वर्णन एरवी कुणाला दिसत नाही. अंध वाचकांना त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. खोटं कसं लिहायचं? मी लिहिलं, ‘भाषण सुरू आहे. अध्यक्ष बहुधा झोपले आहेत.’

वेबसाइटच्या उद्घाटनाला आमचे अंध सभासद वामनराव यांनी भर सभेत फोनवर तो फोटो उघडला. फोनने ते वर्णन खणखणीत वाचलं.

अध्यक्ष शेजारीच! “कोणी लिहिलं हे?”

“मी. पण ‘बहुधा’ घातलंय, साहेब.”

“काढून टाका तो फोटो!”

वामनराव उसळले, “काहून, साहेब? जन्मात मले दिसलेला हा पहिलाच फोटो आहे!”