पाच आकडे

बाजारात उरलेल्या सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एथेल गोराईच्या होडीच्या रांगेत उभी होती. पुढे नाकातोंडावर पट्टी बांधलेला एक तरुण आणि त्याचा अंकल.

“लॉरेन्स, ती पट्टी काढ. मुलगी बघायला चाललोय, ऑपरेशन करायला नाही.”

“सुक्या मासळीची अ‍ॅलर्जी आहे, अंकल. काढली की शिंका.”

“अरे, तिच्या बापाचा धंदाच तो.”

“मग लग्नातही बांधीन.”

“आणि एथेल म्हणाली, तोंड दाखव?”

“श्वास रोखून दाखवीन ना. पाच मोजेपर्यंत.”

एथेलने पाटी खाली ठेवली.

“मी एथेल. काढा, मोजते. एक… दोन…”

तीनला तो शिंकला.

“चालेल,” ती म्हणाली, “दोनपर्यंत बरे दिसलात.”