संख्या किती?

विट्याच्या स्टँडवर रंगूबाईच्या पुढं दोन वार्ताहर उभे होते, दोन वेगळ्या पेपरांचे. तरण्याच्या हातात साधा बटणांचा फोन होता, म्हाताऱ्याच्या हातात मोठा. गाडीचा पत्ता नव्हता, म्हणून तिचे कान तिकडंच लागले.

"सांग शिवतेज, लिवून घेतो तुझी बातमी."

"जैनूचाचा, आदी तुमची पाठवा की."

"माझी जाईल रं. सांग."

"कुस्त्यांच्या मैदानाला लय गर्दी झाली."

"संख्या किती?"

"आवं, आकडा म्हणा की. सा महिनं झालं, त्यो शब्द तुमच्या तोंडातनं आला न्हाई."

"मला संख्याच बरी वाटती."

"मोबाइलवर आकडं लावून मी कर्जात बुडालो. बायकूनं, साक्षीनं, मोठा फोन काढून घेतला, तवा नोकरीबी गेली असती. तुमी दुसऱ्या पेपरचं असून रोज माझी बातमी पाठवताय. कसं फेडू, चाचा?"

"संख्या सांगून फेड."

"धा हजार."

"मोजली कुणी?"

"न्हाई, अंदाज हाय."

"मग पंचांना इचारू. अंदाजावर लावायची न्हाई."

"न्हाई लावत, चाचा. आता कायबी न्हाई लावत."